यासाका देवस्थान: गिओनचा देव कसा बदलला

क्योतोच्या यासाका देवस्थानात आज वादळाचा देव सुसानो-ओ पुजला जातो. १८६८पर्यंत इथली वहिवाट निराळी होती. नाव गिओन, कारभार तेन्दाई या बौद्ध पंथाच्या भिक्षूंकडे आणि देव गोझु तेन्नो: बैलाच्या मस्तकाचा, रोगांच्या साथी आणणारा आणि आवरणारा. श्रावस्तीच्या जेतवन विहाराचा तो रक्षक मानला जाई. गिओन हे नाव त्या विहारावरूनच आलेलं.

त्या वर्षी नव्या सरकारने शिंतो देव आणि बुद्ध वेगळे करण्याचा हुकूम काढला. बौद्ध धाटणीची देवनावं वापरणाऱ्या देवस्थानांकडून खुलासा मागवताना उदाहरण म्हणून गोझु तेन्नोचंच नाव घेतलं होतं. गिओनचं यासाका झालं, बौद्ध विधी बंद पडले, मुख्य देव म्हणून सुसानो-ओ तेवढा उरला. सरकारने देवच बदलला, असं सर्रास म्हणतात. ते अर्धंच खरं. रात्रीचा आसरा मागत आलेल्या देवाला श्रीमंत भावाने हाकललं आणि गरीब सोमिन शोराईने ठेवून घेतलं, ही कथा जुनी. तेराव्या शतकातल्या एका ग्रंथात उतरवलेल्या तिच्या पाठात हा पाहुणा स्वतःला सुसानो-ओ म्हणवतो. दोघे एकच, ही समजूत आधीपासून होती. हुकमाने त्यातलं एक नाव खोडलं, आणि तेही नको तितक्या घाईने.

आसऱ्याच्या बदल्यात सोमिनच्या वंशाला साथींपासून मिळालेलं अभय आजही विकत मिळतं. देवस्थानाच्या जुलैच्या गिओन उत्सवातल्या चिमाकीवर 'आम्ही सोमिनचे वंशज' असं लिहिलेलं असतं. बांबूच्या जातीच्या पानांची ही जुडी दारावर वर्षभर टांगायची. त्याच नावाचा खाऊ समजून सोडू नये, आत काही नसतं. उत्सवाचं मूळ ८६९च्या साथीत, ६६ प्रांतांच्या नावे उभारलेल्या ६६ भाल्यांत सांगतात. रथांच्या दोन मिरवणुका १९६६मध्ये एक केल्या होत्या, २०१४पासून पुन्हा १७ आणि २४ जुलैला निघतात.

शिजो रस्ता थेट पश्चिमेच्या लाल दरवाजाशी संपतो, म्हणून बहुतेक जण तिथूनच शिरतात. मानाचा दरवाजा दक्षिणेचा. १६५४चं मुख्य मंदिर त्याच दिशेला तोंड करून आहे. गाभारा आणि पूजेचा मंडप एकाच छपराखाली, ही गिओनची खास बांधणी. दर्शनाची रीत नेहमीचीच: दोनदा वाकणं, दोन टाळ्या, पुन्हा एकदा वाकणं. १७ जुलैच्या संध्याकाळी देवांच्या तिन्ही पालख्या बाहेर पडतात आणि २४च्या रात्री परततात. मधल्या दिवसांत देवाचा मुक्काम शिजो रस्त्यावर असतो. दर्शन तिथे घ्यावं.