मिडलवेट नेकेड बाईकला काही बसवून घेण्याआधी

नवी बाईक हातात आली की पहिल्याच आठवड्यात वारा अडवणारी मोठी काच, क्रॅश गार्ड आणि आखूड शेपटी मागायला लोक येतात. बसवून देणं हा आमचा धंदाच आहे, नाही कशाला म्हणू? पण आधी हे पान वाचा.

मिडलवेट म्हणजे ढोबळमानाने 600 ते 900 सीसी. नेकेड म्हणजे फेअरिंग, म्हणजे इंजिन झाकणारं बाहेरचं कवच, नसलेली. फेअरिंग नाही म्हटल्यावर इंजिन, चेसिस, पाइप सगळं उघड्यावर, आणि तोच बाईकचा चेहरा. 1993 साली आलेल्या डुकाटी मॉन्स्टरमध्ये डिझायनर मिगेल गालुझ्झी यांनी जाळीदार चेसिस आणि व्ही-ट्विन (इंग्रजी V सारखे दोन सिलिंडर असलेलं) इंजिन मुद्दाम उघडं ठेवलं. वर फुगीर टाकी, पुढे गोल हेडलाइट, बस्स.

2014 ची यामाहा एमटी-07 बघा. 689 सीसीचे दोन सिलिंडर शेजारीशेजारी, पण क्रँकवर, म्हणजे पिस्टन ज्याला फिरवतात त्या दांड्यावर, 270 अंशांच्या फरकाने. एक पिस्टन वर पोचून क्षणभर थबकतो तेव्हा दुसरा मधल्या पट्ट्यात सुसाट असतो. त्यामुळे पिस्टनच्या जडत्वाचे हिसके बरेचसे आपसातच जिरतात आणि मूठ पिळली की मागच्या चाकाची ओढ स्वच्छ कळते. ठोके मात्र विषम पडतात: एक 270 अंशांनी, पुढचा 450 अंशांनी. 90 अंशांच्या व्ही-ट्विनचा ठेकाही हाच. तो लंगडा आवाज बिघाड नव्हे, काळजी नको.

आता क्रॅश गार्ड. अशा बऱ्याच बाईकमध्ये इंजिन हाच चेसिसचा एक भाग असतो, आणि गार्ड बहुधा इंजिन माउंटिंगच्याच बोल्टवर बसतो. म्हणून बाईकला आधार देऊन एका वेळी एकच बोल्ट काढायचा आणि कंपनीने दिलेल्या टॉर्कवरच (आवळण्याच्या नेमक्या जोरावर) आवळायचा, हाताच्या अंदाजाने नाही. एकाच लांब बोल्टवर लटकणारा गार्ड आम्ही बसवत नाही. बाईक पडली की गार्ड शाबूत राहतो आणि इंजिनचा कान, म्हणजे बोल्ट बसतो तो भाग, तुटतो.

काचेचं गणित वेगळं. वेग दुप्पट झाला की वाऱ्याचा दाब चौपट होतो, हे खरं. पण मध्यम वेगात छातीवर येणारा तोच वारा मनगटांवरचा भार हलका करतो. आखूड काच वारा अडवत नाही, त्याची घुसळण थेट हेल्मेटवर आणून सोडते. सरळ, रिकाम्या रस्त्यावर फूटपेगवर जरा उठून पाहा. डोकं वर गेल्यावर आवाज कमी झाला तर काचेची उंची चुकली आहे. शिवाय हँडललाच पकडलेल्या मोठ्या काचेवर आदळणारा वारा स्टीअरिंगलाही ढकलतो. म्हणून अशी काच आम्ही शक्यतो टाळायला सांगतो.

मागचा मडगार्ड कापून शेपटी आखूड केली तर बाईक देखणी दिसते, मान्य. पण पावसाळ्यात चिखल थेट मागच्या शॉकवर आणि तुमच्या पाठीवर. रेडिएटरला जाळी मात्र अवश्य लावा, पुढच्या चाकाने उडवलेले खडे तिथेच बसतात. धुताना प्रेशर गन जवळून मारू नका, रेडिएटरच्या पात्या वाकतात.

काच घ्यायला येताना रोजचं हेल्मेट आणि जॅकेट घालून या. उंची तुम्हाला बाईकवर बसवूनच ठरवावी लागते.