मिठाचा रेणू कुठे गेला?

शाळेतल्या रासायनिक बंधाच्या धड्यात एक आकृती हमखास असते. डावीकडे सोडिअम (कक्षांत इलेक्ट्रॉन २, ८, १), उजवीकडे क्लोरीन (२, ८, ७) आणि मधे एक वाकडा बाण. सोडिअमने इलेक्ट्रॉन दिला, क्लोरीनने घेतला, दोघांची अष्टकं (बाहेरच्या कक्षेत आठ इलेक्ट्रॉन) पूर्ण झाली, मीठ तयार. एक हा, एक तो, जोडी जमली. आणि मग कधीतरी, बहुधा एका ओळीत, सांगितलं जातं की घन मिठात रेणू, म्हणजे ठरावीक अणूंचे सुटे गट, नसतात. आकृती पाहून नेमका उलटा समज झालेला असतो, पण त्यावर कोणी थांबत नाही. ही एक ओळ मान्य व्हायला मात्र बराच वाद झाला होता.

जुना इतिहास थोडक्यात. १८०७ साली विद्युत अपघटनाने, म्हणजे विजेने संयुग फोडून, पोटॅशिअम आणि सोडिअम वेगळे झाले, आणि पदार्थ विद्युतप्रभाराने बांधलेले असतात ही कल्पना जोरात आली. धातू धन, अधातू ऋण, म्हणून त्यांचं जमतं. मिठाला हे छान लागू पडलं. पण हायड्रोजनचे दोन सारखे अणू एकमेकांना का धरून ठेवतात, याला उत्तर नव्हतं. पुढे सेंद्रिय संयुगांत धन हायड्रोजनच्या जागी ऋण क्लोरीन बिनतक्रार बसतो असं दिसलं, तेव्हा ती कल्पना मागे पडली. १८५० नंतर संयुजा (एक अणू किती बंध जोडू शकतो तो आकडा) आली, बंध दाखवणारी अणूंमधली रेघ आली. रेघेची भाषा सेंद्रिय रसायनात इतकी यशस्वी ठरली की पाणी, अमोनिया, बेंझीन यांच्याच पंगतीत मीठही बसवलं गेलं. मिठाचा रेणू असणार हे गृहीतच होतं.

१८८४ मध्ये एका स्वीडिश विद्यार्थ्याने पीएच.डी.च्या प्रबंधातून विद्रावांच्या विद्युतवहनाचा प्रश्न हाती घेतला, आणि तीनेक वर्षांत पाण्यात मिठाचे आयन (विद्युतप्रभार असलेले अणू) सुटे होतात हा सिद्धांत उभा राहिला. प्रबंधाला जेमतेम श्रेणी मिळाली. सिद्धांतावरचा आक्षेप वरवर बिनतोड होता: सोडिअम पाण्यात टाकला की भडकतो, क्लोरीन विषारी वायू, मग मिठाच्या पाण्यात ते दोघे गुपचूप कसे राहतील? अणू आणि आयन यांच्या गुणधर्मांत जमीन-अस्मानाचा फरक असतो हे पटायला वेळ गेला. १९०३ साली त्याच माणसाला नोबेल मिळालं. तरी घन मिठात रेणूच असतात आणि ते पाण्यात फुटतात, ही समजूत तशीच राहिली.

तिला धक्का दिला १९१३ ने. इंग्लंडमधल्या एका बापलेकांनी मिठाच्या स्फटिकावर क्ष-किरण सोडले आणि परावर्तनावरून आतली मांडणी काढली. प्रत्येक सोडिअमभोवती सारख्याच अंतरावर सहा क्लोरीन, प्रत्येक क्लोरीनभोवती तसेच सहा सोडिअम. अंतर २८२ पिकोमीटर (मीटरचा लाख-कोटीवा भाग म्हणजे एक पिकोमीटर). कोणता क्लोरीन कोणत्या सोडिअमचा, हे ठरवायची सोयच उरली नाही. खडेमिठाचा खडा फोडला की तुकडे काटकोनात का निघतात, तेही यात आपोआप आलं. दोन वर्षांत नोबेल. मुलगा तेव्हा २५ वर्षांचा.

भौतिकशास्त्रज्ञांनी ते लगेच मान्य केलं. सगळ्या रसायनज्ञांनी नाही. १९२७ मध्ये, म्हणजे तब्बल १४ वर्षांनी, ऐंशीला टेकलेल्या एका इंग्रज रसायनज्ञाने लंडनच्या नामांकित विज्ञान साप्ताहिकात बिचाऱ्या मिठाचा कैवारी होऊन पत्र लिहिलं. बुद्धिबळाच्या पटासारखी मांडणी म्हणजे रसायनशास्त्र नव्हे, ती साध्या अकलेला पटत नाही, रसायनज्ञांनी आपलं शास्त्र पुन्हा ताब्यात घ्यावं आणि नवशिक्यांना पटाहून ठोस पुरावा मागायला शिकवावं, असा त्याचा सूर होता. त्याची गंमत म्हणून आठवण काढली जाते, ते थोडं अन्यायाचं आहे. मांडणीबाबत तो साफ चुकला. पण हाच माणूस आयुष्यभर मुलांनी विज्ञान स्वतः शोधून शिकावं म्हणून भांडला होता. पुरावा मागा, हे त्याचं म्हणणं आजच्या धड्यालाही लागू आहे, कारण आपण विद्यार्थ्याला निष्कर्ष देतो आणि क्ष-किरणांचा उल्लेखही करत नाही.

मग जोडीची आकृती आली कुठून? १९१६ मधून. त्या वर्षी जर्मनीत इलेक्ट्रॉनच्या देवाणघेवाणीचं आणि अमेरिकेत इलेक्ट्रॉनच्या जोडीच्या भागीदारीचं, असे दोन विचार प्रसिद्ध झाले. १९१९ मध्ये तिसऱ्याने अष्टक आणि सहसंयुज बंध (भागीदारीचा बंध) हे शब्द रूढ केले, व्याख्यानं गाजवली, आणि श्रेयावरून मनं दुखावली. फळ्यावर काढायला सोपं म्हणून हे सगळं शाळेत पोचलं. पटासारखी मांडणी मागे राहिली.

त्या सोपेपणाची किंमत मोठी आहे. ‘सोडिअमला इलेक्ट्रॉन द्यायचाच असतो’ हे वाक्य आकड्यांत टिकत नाही. सुट्या सोडिअमचा इलेक्ट्रॉन काढायला ४९६ किलोजूल प्रतिमोल लागतात. क्लोरीनला तो मिळाल्यावर सुटतात ३४९. म्हणजे व्यवहार १४७ ने तोट्यात. तोटा भरून निघतो तो आयन जवळ येऊन स्फटिकातली ती पटासारखी जाळी बांधतात तेव्हा, सुमारे ७८७ किलोजूल सुटून. हा हिशेब १९१९ च्या सुमारासच मांडला गेला होता. बंध अष्टकासाठी होत नाही, जाळीमुळे परवडतो. अष्टकाचा नियम तर १९६२ मध्ये उघड उघड मोडला. अष्टक आधीच पूर्ण असलेल्या ‘निष्क्रिय’ झेनॉन वायूचं संयुग प्रयोगशाळेत तयार झालं. धडा तरीही अष्टकावरच उभा आहे.

गंमत अशी की सोडिअम धातूतही रेणू नसतात. धातूत सगळ्या अणूंचे मिळून मोकळे इलेक्ट्रॉन असतात ही कल्पना १९०० पासून होती, पण त्यावर कोणी संपादकाला रागाचं पत्र लिहिल्याचं दिसत नाही.

आणि रेणू अगदीच नसतो असंही नाही. मीठ ८०१ अंशांना वितळतं, १४०० च्या वर उकळतं, आणि त्या वाफेत एक सोडिअम-एक क्लोरीन अशा जोड्या सापडतात. त्यांच्यातलं अंतर २३६ पिकोमीटर, स्फटिकातल्यापेक्षा स्पष्ट कमी. पुस्तकातली आकृती काढायचीच असेल तर शीर्षक ‘मिठाची वाफ’ असं द्यायला हवं.