वन बाय एक्स प्लस वन म्हणजे नक्की किती?

परवा ऐरोलीहून ठाण्याला येत होतो तर भाचीचा फोन, अकरावी सायन्स, नुकतीच मराठी मिडीयममधून गेलेली. म्हणे मामा, वन बाय एक्स प्लस वन, एक्सची किंमत एक, उत्तर किती? मी म्हटलं दोन. ती म्हणे पुस्तकात मागे अर्धा दिलाय. आता पुस्तकही बरोबर आणि मीही, कारण भागाकाराची ती आडवी रेघ फक्त एक्सखाली आहे की एक्स प्लस वन सगळ्याखाली, हे डोळ्याला दिसतं, कानाला कुठून कळणार.

मग इंग्लिशमधे म्हणायचं कसं? वन ओव्हर, इथे जरासं थांबायचं, मग एक्स प्लस वन एका दमात. अमेरिकेत अशा वेळी 'द क्वांटिटी एक्स प्लस वन' असंही म्हणतात म्हणजे कंस आहे हे कळतं. आपलं क्लासमधलं 'ए प्लस बी होल स्क्वेअर' त्याच कामाचं आहे, ब्रिटिश लोक 'ऑल स्क्वेअर्ड' म्हणतात, आपलंही काही वाईट नाही.

खरा घोळ इंटूचा. आपल्याकडे टू इंटू सिक्स म्हणजे बारा, पण ब्रिटिश किंवा अमेरिकन माणसाला ते सहात दोन किती वेळा जातात असं ऐकू येतं, म्हणजे तीन! तिकडे गुणाकाराला टाइम्स म्हणायचं. आणि 3.14 ला थ्री पॉइंट फोर्टीन नको, वन फोर म्हणा, नाहीतर पोरांना ते 3.2 पेक्षा मोठं वाटतं. आपलं 'तीन पूर्णांक चौदा शतांश' लांबलचक आहे पण त्यात ही भानगडच नाही, शतांश म्हटलं की विषय संपला.

ज्यांना कागद दिसतच नाही त्यांनी यावर सगळ्यात जास्त डोकं लावलंय. अब्राहम नेमेथ या अंध गणितज्ञाने गणिताची ब्रेल लिपी तर केलीच, वर अपूर्णांक कुठे सुरू झाला आणि कुठे संपला हे तोंडाने सांगायची पद्धतही बसवली. आणि आपल्या पुण्यात वाढलेले टी. व्ही. रामन, तेही अंध, पवईच्या आयआयटीत शिकून कॉर्नेलला गेले, 1994 च्या पीएचडीत त्यांनी ॲस्टर नावाची सिस्टीम केली जी गणित वाचून दाखवते आणि घात आला की आवाजच वरच्या पट्टीत नेते. काय डोकं आहे!

हे सगळं भाचीला सांगून झालं, म्हटलं आता पुढचं गणित नीट थांबून थांबून वाच. तिने सरळ व्हॉट्सॲपवर फोटो टाकला.