तर्री वेगळी, खूण वेगळी

कॉमिकच्या चौकटीत मागे काही लपलेलं सापडलं की हल्ली सरसकट 'ईस्टर एग' म्हणतात. मला ते खटकतं, कारण त्या नावाखाली दोन अगदी वेगळ्या गोष्टी जातात.

पहिली चित्रकार विल एल्डरची. १९५२ साली अमेरिकेत हार्वे कर्ट्झमनच्या संपादनाखाली 'मॅड' हे विनोदी कॉमिक सुरू झालं, तेव्हा पहिल्या अंकापासून एल्डर त्यात होता. पुढे पात्रं बोलत असायची आणि मागे पाट्या, जाहिराती, रस्त्यावरची माणसं आपापले उद्योग करत असायची. कथेशी त्यांचा काडीचा संबंध नाही! एल्डर ते आपल्या मनाने भरायचा आणि त्याला 'चिकन फॅट' म्हणायचा: सुपातली ती चरबी, जी तब्येतीला वाईट, पण चव तिचीच. मिसळीवरची तर्री ज्याला आवडते त्याला हे वेगळं समजवायला नको.

त्यातल्या काही पाट्या त्या काळच्या जाहिरातींची टिंगल करतात, त्या आज निसटतात. पण बाकीची तर्री कुणालाही लागू पडते. फक्त पान उलटायची घाई नको. कुलाब्याच्या कॅफे माँडेगारच्या भिंतींवरची मारियो मिरांडांची गर्दी याच जातीची आहे. समोरचा चहा गार होतो, तरी नजर हटत नाही.

दुसरी गोष्ट म्हणजे खूण. ती मात्र ओळखीच्यांसाठी असते. 'टिनटिन'च्या 'सिगार्स ऑफ द फेरो'ची रंगीत आवृत्ती १९५५ साली आली. तिच्यातल्या ममींपैकी एकीवर 'ई. पी. जेकोबिनी' असं नाव आहे. हा म्हणजे 'टिनटिन'चा जनक एर्जे याचा सहकारी, 'ब्लेक आणि मॉर्टिमर'चा जनक एडगर पी. जेकब्स. ज्याला ठाऊक नाही त्याला ती आणखी एक ममी दिसते, आणि त्याचं काही अडतही नाही.

'ईस्टर एग' हा शब्द शोभतो तो इथे. अटारी ही व्हिडिओ गेमची कंपनी गेमवर प्रोग्रामरचं नाव देत नसे, म्हणून तिथल्या वॉरन रॉबिनेट या प्रोग्रामरने 'अ‍ॅडव्हेंचर'मध्ये आपलं नाव एका गुप्त खोलीत दडवलं. शब्द तिथूनच रूढ झाला. ती खूण होती, विनोद नव्हे.

दोन्ही एकत्र साधणं दुर्मीळ. 'अ‍ॅस्टेरिक्स'च्या सैनिकभरतीच्या गोष्टीत (१९६७) जहाज बुडालेले चाचे तराफ्यावर रडवेले झालेले आहेत. चित्रकार उदेर्झोने ती चौकट जेरिको या फ्रेंच चित्रकाराच्या 'मेदूसाचा तराफा' या चित्रावर बेतली आहे. लहानपणी मला फक्त त्यांच्या फजितीचं हसू आलं होतं. मूळ चित्र कित्येक वर्षांनी एका कलेच्या पुस्तकात दिसलं, आणि त्याच रात्री माळ्यावरचं जुनं कॉमिक खाली काढलं.