यादीत दिसत नाही म्हणजे केबल गेली?

"नेटवर्कमध्ये कॉम्प्युटर दिसत नसेल तर केबल गेली, नाहीतर फायरवॉल कायमची बंद करा." विंडोजच्या कॉम्प्युटरसाठी हा सल्ला वर्षानुवर्षं फिरतोय. (फायरवॉल म्हणजे नको ती जोडणी अडवणारं संरक्षण.) केबल कधीकधी खरंच गेलेली असते, म्हणून तो पटतोही.

पण 'नेटवर्क'च्या खिडकीतल्या यादीत दिसणं वेगळं आणि जोडलेलं असणं वेगळं. प्रत्येक मशीन 'मी इथं आहे' अशी हाळी देतं, त्यातून यादी बनते. हाळी देणारी सर्व्हिस (पडद्याआड चालणारा प्रोग्राम) बंद असेल तर धडधाकट मशीनही यादीतून गायब होतं.

कोल्हापुरात मार्केट यार्डातल्या एका गुळाच्या अडतीवर हेच झालं होतं. बिलाचं मशीन दिसेना, पण त्यावरून प्रिंट मात्र निघत होती!

खात्री करायची तर न दिसणाऱ्या मशीनवर कमांड प्रॉम्प्टमध्ये (आज्ञा टाइप करायच्या खिडकीत) 'आयपीकॉन्फिग' (ipconfig) टाकून आयपीव्ही४ पत्ता, म्हणजे त्या मशीनचा नेटवर्कवरचा नंबर बघा. आपल्या मशीनवर विंडोज आणि आर ही बटणं एकत्र दाबून दोन उलट्या तिरप्या रेघा (\\) आणि तो पत्ता टाका. फोल्डर उघडला, अगदी पासवर्ड मागितला, तरी केबल ठणठणीत. (नुसत्या पिंगवर, म्हणजे 'आहेस का?' विचारणाऱ्या कमांडवर जाऊ नका, फायरवॉल ते अडवू शकते.)

मग दोन्हीकडं नेटवर्क 'पब्लिक'चं 'प्रायव्हेट' करा, नेटवर्क डिस्कव्हरी (एकमेकांना शोधू देणारी सेटिंग) आणि हाळी देणारी 'फंक्शन डिस्कव्हरी रिसोर्स पब्लिकेशन' सर्व्हिस चालू करा. फायरवॉल चालूच राहू दे. पत्ता टाकूनही काहीच उघडलं नाही, तर स्विचवरचा (सगळ्या केबली जोडलेल्या डब्यावरचा) दिवा बघायला उठा.