हिरव्या फिशटँकला बादली नको, अंधार द्या

बेळगावातल्या शहापूर-वडगावच्या जुन्या घरांत फिशटँक बहुधा सोप्यातल्या खिडकीपाशी असतो. उजेडात मासे खुलून दिसतात, हे त्यामागचं कारण. दिवाळीनंतर सूर्य दक्षिणेकडे कलतो, तिरपं ऊन आत येऊन काचेवर पडतं आणि बघता बघता पाणी इतकं हिरवं होतं की मागच्या काचेजवळ गेलेली गप्पी दिसेनाशी होते. मग रविवारी मोहीम निघते. सगळं पाणी उपसायचं, वाळू धुवायची, फिल्टरचा स्पंज नळाखाली खसाखसा पिळायचा. चार दिवस टाकी चकचकीत, पाचव्या दिवशी पुन्हा हिरवी. माझं म्हणणं असं, की ही मोहीमच पुढच्या हिरव्या पाण्याची सोय करून ठेवते.

हा हिरवा रंग म्हणजे पाण्यात तरंगणारी एकपेशीय शेवाळं. त्यातलं क्लोरेला हे नेहमीचं. १८९० मध्ये बायजेरिंक या डच शास्त्रज्ञाने त्याचं वर्णन केलं. वनस्पती कार्बन डायऑक्साइडपासून साखर कशी बनवतात, हे मेल्विन कॅल्विन यांनी याच जातकुळीच्या शेवाळांवर शोधलं आणि १९६१ चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळवलं. म्हणजे आपण शिव्या घालत उपसतो तो जीव तसा मोठ्या प्रयोगशाळांतून वावरलेला आहे. त्याची पेशी साधारण २ ते १० मायक्रॉनची, म्हणजे मिलिमीटरच्या शंभराव्या भागाहूनही लहान. स्पंजची भोकं तिच्या मानाने प्रचंड, त्यामुळे फिल्टर रात्रंदिवस चालवला तरी ती आरपार निघून जाते.

आता हिशेब बघा. ऊन आणि खाद्य मनाजोगं मिळालं तर ही शेवाळं एका दिवसात दुप्पट होऊ शकतात. अर्धं पाणी बदललंत तर अर्ध्या पेशी गेल्या, दुसऱ्या दिवशी संख्या होती तिथे. नव्वद टक्के पाणी काढलंत तरी तीन-चार दुपटींत सगळं भरून निघतं. ‘चार दिवसांत परत आलं’ ही तक्रार त्यामुळे गणिताला धरूनच आहे.

शिवाय नव्या पाण्याबरोबर नवं खाद्यही येतं. चिकोडी-निपाणीच्या ऊसपट्ट्यात पिकाला घातलेल्या युरियातला बराच नत्र नायट्रेट होऊन जमिनीत झिरपतो आणि विहिरी-बोअरच्या पाण्यात उतरतो. पिण्याच्या पाण्यात लिटरमागे ४५ मिलिग्रॅमपर्यंत नायट्रेट भारतीय मानकाला चालतं. माणसाला चालणारं एवढं नायट्रेट शेवाळाला मात्र मेजवानी असते. पाणी उकळून ते जात नाही, गाळून तर नाहीच.

आणि तो पिळलेला स्पंज! माशांच्या विष्ठेतून निघणाऱ्या अमोनियाचं नायट्रेट करणारे जिवाणू त्यातच राहतात. नळाच्या पाण्यातलं क्लोरीन त्यांना मारतं. मग अमोनिया साचतो, माशांचे कल्ले जळतात आणि शेवाळाला आवडतं खाद्य आयतं मिळतं. स्पंज धुवायचाच तर टाकीतूनच काढलेल्या बादलीभर पाण्यात हलका दाबून घ्यावा.

खरा उपाय फुकटचा आहे. टाकीचा दिवा बंद करा आणि सगळी टाकी जाड घोंगडीने तीन-चार दिवस झाका, फटीतूनही उजेड जाऊ देऊ नका. तेवढे दिवस धडधाकट मोठे मासे उपाशी राहिले तर त्यांचं काही बिघडत नाही. पण हवेचा पंप चालू हवाच. अंधारात शेवाळ ऑक्सिजन बनवत नाही, उलट वापरतं, आणि मेलेल्या पेशी कुजतानाही ऑक्सिजन खातात. रात्री वीज गेली आणि पहाटे मासे पृष्ठभागावर येऊन तोंड उघडझाप करू लागले, तर कारण हेच. घोंगडी काढल्यावर एक तृतीयांश पाणी बदला, म्हणजे मेलेल्या पेशींतून सुटलेला नत्र बाहेर जाईल. पाणी बदलण्याची खरी वेळ ही. मग टाकी उन्हातून हलवा, दिवा सहा-आठ तासच ठेवा आणि खाद्य दोन मिनिटांत फस्त होईल तेवढंच घाला. बाकीचं नायट्रेट ओढायला मनी प्लांटची मुळं पाण्यात सोडली की झालं.

पावसाळ्यात गढूळ पाण्यात तुरटी फिरवायची आपल्याकडची सवय काहीजण इथेही वापरतात. तुरटीने पेशी एकमेकींना चिकटून गुठळ्या होतात आणि तळाशी बसतात, हे खरं. पण तिने पाण्याचा आम्लपणा वाढतो, आणि आम्ल पाण्यात विरघळलेलं अॅल्युमिनियम माशांच्या कल्ल्यांना बाधतं. मासे असलेल्या टाकीत ती नको. खर्चाची तयारी असेल तर यूव्ही फिल्टर, म्हणजे आत अतिनील किरणांचा दिवा असलेला फिल्टर घ्या. त्याच्या २५४ नॅनोमीटरच्या किरणांनी पेशींचा डीएनए बिघडतो आणि त्यांची वाढ थांबते. काचेला चिकटलेलं शेवाळ मात्र त्या दिव्यासमोरून जातच नाही, ते हातानेच खरवडावं लागतं.

शेततळ्यात रोहू-कटला पाळणारे शेण टाकून पाणी मुद्दाम हिरवं करतात. हात कोपरापर्यंत बुडवला आणि तळवा दिसेनासा झाला की पाणी बेताचं हिरवं झालं, असा त्यांचा अंदाज. या शेवाळावर डॅफ्नियासारखे बारीक जीव वाढतात आणि ते माशांचं उत्तम खाद्य. तेव्हा उपसलेलं हिरवं पाणी सगळंच मोरीत ओतू नका. एका बरणीत भरून उजेडात ठेवा, त्यात डॅफ्निया सोडा. गप्पीच्या पिलांना रोज थोडे घालता येतील.