हायसं वाटण्याची किंमत

लिफ्टला घाबरणारा माणूस धापा टाकत जिन्याने सहाव्या मजल्यावर पोचतो. पाय भरून आलेले असतात, पण मनाला हायसं वाटतं. गोम आहे ती नेमकी या हायसं वाटण्यातच.

एखादी कृती केल्यावर त्रास थांबला की मेंदू ती कृती पक्की लक्षात ठेवतो. मानसशास्त्रात याला ऋण प्रबलन म्हणतात. हे नाव शिक्षेसारखं वाटतं, पण इथे 'ऋण' म्हणजे फक्त वजाबाकी. त्रास वजा झाला, हेच बक्षीस. जिना चढणाऱ्याला हे बक्षीस रोज मिळतं, म्हणून जिना सुटत नाही. शिवाय लिफ्ट खरंच धोक्याची आहे का, हे तपासायची वेळच येत नाही. न तपासलेली भीती वर्षानुवर्षं तशीच टवटवीत राहते.

ही गाठ सोडवण्याचा एक सुरुवातीचा प्रयत्न १९२४ साली प्रसिद्ध झाला. अमेरिकेतल्या मेरी कव्हर जोन्स या मानसशास्त्रज्ञ पीटर नावाच्या, जेमतेम तीन वर्षांच्या मुलावर काम करत होत्या. ससा, पांढरा उंदीर, कापूस, लोकरी कोट या सगळ्यांना तो घाबरायचा. सशाला न भिणारी मुलं त्याच्यासोबत खेळायला ठेवली आणि पीटर सुधारू लागला. पण मध्येच त्याला स्कार्लेट फिव्हर झाला. सुमारे दोन महिने रुग्णालयात काढून परतताना एक मोठा कुत्रा अंगावर आला आणि भीती पुन्हा मूळपदावर गेली. मग जोन्स यांनी दुसरी वाट धरली. पीटर आवडीचा खाऊ खात असताना पिंजऱ्यातला ससा आधी लांब ठेवायचा आणि मग हळूहळू जवळ आणायचा. अखेरीस सशाने बोटं कुरतडली तरी पीटरला चालू लागलं.

पुढे मनोविकारतज्ज्ञ जोसेफ वोल्पे यांनी १९५८ साली याच कल्पनेला पद्धतशीर रूप दिलं: भीतीची शिडी आखायची आणि प्रत्येक पायरीवर शरीर सैल सोडायचं. शरीर सैल सोडणं अनिवार्य नाही, हे नंतरच्या संशोधनात दिसलं. काम करतं ते सामोरं जाणं. आज याला एक्स्पोजर थेरपी म्हणतात.

पण यात भीती पुसली जाते का? नाही. रशियन शास्त्रज्ञ पावलोव्ह यांच्या कुत्र्यांवरच्या प्रयोगांतही, खाऊ न देता नुसतीच खाण्याची खूण देत राहिल्यावर थांबलेली लाळ काही काळाने आपोआप परतत असे. जुनी आठवण शाबूतच राहते, तिच्या शेजारी 'बसलो, काही झालं नाही' ही नवी आठवण उभी राहते, आणि दोघींत चढाओढ चालते. म्हणून एकाच लिफ्टमध्ये शंभर फेऱ्या मारण्यापेक्षा वेगवेगळ्या इमारतींत, वेगवेगळ्या वेळी, कधी एकट्याने बसणं जास्त उपयोगी. आणि महिनाभराने छाती पुन्हा धडधडली, तर केलेलं पाण्यात गेलं असं नाही.

सगळ्यात फसवा अडथळा म्हणजे कुबड्या. फोन घट्ट धरून, कुणाचा तरी हात पकडून माणूस लिफ्टमध्ये बसतो, सुखरूप उतरतो आणि श्रेय फोनला देतो. 'काही होत नाही रे' हा घरच्यांचा धीरही अशीच कुबडी होऊ शकतो. दिवसातून दहा वेळा विचारून मिळवलेला धीर अकराव्यांदा विचारायलाच शिकवतो. (उलट टोकही वाईटच: 'चल, घाबरट कुठला' म्हणत लिफ्टमध्ये ढकलणं म्हणजे थेरपी नव्हे.)

रोजच्या लहानसहान भीतीसाठी, म्हणजे फोन करणं किंवा चारचौघांत प्रश्न विचारणं यासाठी, एक वही पुरते. आधी लिहायचं: काय होईल असं वाटतं आणि भीती शंभरापैकी किती. मग ते काम करायचं आणि प्रत्यक्षात काय झालं ते खाली लिहायचं. भीती कमी झाली की नाही, यापेक्षा भाकीत किती चुकलं हे पाहणं महत्त्वाचं. अपघात, अत्याचार यांसारख्या आघाताच्या आठवणी मात्र या वहीत एकट्याने उघडू नयेत. तिथे प्रशिक्षित मानसोपचारतज्ज्ञ सोबत हवा. भीतीपायी झोप, काम किंवा घराबाहेर पडणंच थांबलं असेल, तरीही.